निरोप कोण आणायचं?



मोबाईल आणि इंटरनेटनं आपलं जगणं कसं बदललं यावर स्मरणिकेसाठी लिही, असं संपादक मंडळानं मला सांगितलं. हा विषय आता शाळेतल्या निबंधातही येतो आणि मुलं 'शाप की वरदान' करून मोकळी होतात. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवताना असे निबंध मी गठ्ठ्यानं तपासले आहेत, त्यामुळे तो रस्ता मी धरत नाही. मी एकच धागा घेते, निरोपाचा. आपण 1988 साली दहावी झालो तेव्हा दारव्ह्यात बातमी माणूस घेऊन यायचा. आज ती एकटीच येते. मधल्या काळात ही निरोप आणणारी माणसं एकेक करून कशी बाजूला झाली, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या हाती काय आलं आणि काय आलं नाही, एवढंच लिहायचं आहे.

आपल्यातले निम्मे तरी बाहेरगावहून शाळेत यायचे. आठवून बघा, घरून निरोप कसा यायचा? पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, नाहीतर निळं आंतरदेशीय. त्याहून घाई असली तर एस.टी.चा कंडक्टर. "हे डबा आन् हे पिशवी शाळेसमोर देजो, पोराले सांगजो बुधवारी येऊ नको, घरी कोनी नाही," एवढं तो लक्षात ठेवून आणायचा आणि त्याबद्दल पैसे घ्यायचा नाही. बाजाराच्या दिवशी तर कंडक्टरचीही गरज नसायची, गावातलं कोणी ना कोणी आलेलंच असायचं. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागायचं आणि मयतीचं कार्ड वाचून झालं की लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. पोस्टमनचा चेहरा बघूनच बायका ओळखायच्या, कारण कार्ड त्यानं आधीच वाचलेलं असायचं. त्याचं कुणाला वावगं वाटत नव्हतं.

तारेची गोष्ट वेगळी. भारतात सामान्य लोकांसाठी तारसेवा सुरू झाली 1854 मध्ये आणि बंद झाली जुलै 2013 मध्ये. एकशे एकोणसाठ वर्षं. पण आपल्या भागात तार म्हणजे एकच अर्थ होता. शुभेच्छांच्या तारांसाठी ठरलेली वाक्यं असायची, त्यांना क्रमांक असायचे, नुसता क्रमांक सांगितला की काम व्हायचं. तशी तार दारव्ह्यात कुणाच्या घरी आली असेल तर ती मोठ्या घरी. बाकी घरांमध्ये तारवाला दिसला की तार फोडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. आमच्या वाड्यात एकदा मुलाला नोकरी लागल्याची तार आली होती आणि ती वाचून दाखवणारा माणूस मिळेपर्यंत त्या माउलीनं अर्धा तास आकांत केला.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 28 जानेवारी 1882 रोजी सुरू झालं. म्हणजे आपण दहावीला होतो तेव्हा मुंबईच्या टेलिफोनचं वय एकशे सहा वर्षं होतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तोवर फोन कानाला लावलेला नव्हता. फोन डॉक्टरांकडे, अडत्यांकडे, जिनिंगमध्ये आणि सरकारी कचेरीत. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लायटनिंग. लायटनिंगचा दर कितीतरी पट, म्हणून तो मरणाधरणालाच. मग फोनजवळ बसून राहायचं, दोन तास, चार तास. लागला की जीव खाऊन ओरडायचं. तीन मिनिटांतली दोन "ऐकू येतंय का" यातच जायची.

डायल फिरवून थेट दुसऱ्या शहरात फोन लावायची सोय देशात पहिल्यांदा 1960 मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात झाली. आपल्यासारख्या तालुक्यांपर्यंत ती यायला एवढी वर्षं का लागली, याचं एक कारण मला फार उशिरा कळलं आणि गमतीचं वाटलं. बाहेरच्या देशांतून येणारी एक्स्चेंजची यंत्रं थंड खोलीत ठेवावी लागत. यवतमाळच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, वीज कधी आहे कधी नाही अशा ठिकाणी ती चालणार कशी? 1984 मध्ये सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली, सॅम पित्रोदा त्यात पुढे होते, आणि तिथल्या इंजिनिअरांनी धूळ आणि ऊन सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं 128 लाईनचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. पहिलं 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. पुढं देशभर खेड्यापाड्यांत ते गेलं. मोबाईलचं कौतुक सगळे करतात, या एक्स्चेंजचं कुणी करत नाही. माझ्या मते खेड्यांमधला खरा बदल तिथून सुरू झाला.

कारण त्यानंतर आले पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ. काचेची केबिन, आत उकाडा, भिंतीवर लाल आकडे पळणारा मीटर. बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यांवर आणि बूथवाल्याची बोलणाऱ्यावर. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या मुलांचे आईबाप साडेदहापासून रांगेत उभे. बरेचसे बूथ अपंग बांधवांना मिळालेले होते आणि त्यावर त्यांची घरं चालत होती. याच काळात लग्नपत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर 'पी.पी.' ही दोन अक्षरं दिसायला लागली. फोन शेजाऱ्याचा, बोलावून देण्याचं काम शेजाऱ्याचं, नंबर मात्र आपल्या नावापुढे. आजच्या पोरांना पी.पी. म्हणजे काय हे सांगून पटत नाही. दुसऱ्याच्या फोनवर स्वतःचा नंबर म्हणून हक्क सांगायचा आणि त्यानंही जेवण सोडून आपल्याला हाक मारायला यायचं, हे त्यांना अजब वाटतं.

मी लग्न होऊन पांढरकवड्याकडे गेले तेव्हा आमचा पी.पी. नंबर गावातल्या किराणा दुकानदाराचा होता. माणूस भला. पण फोन दुकानाच्या गल्ल्यावर आणि दुकानात कायम पाच-सात माणसं. माहेरहून फोन आला की पोरगं धावत यायचं, मी पदर सावरत जायची, आणि आई विचारायची, "कशी आहेस वं?" मी म्हणायची, "बरी आहे." दुसरं काय म्हणणार? अख्खं दुकान ऐकत उभं. माझं खरंच बरं चाललं होतं, सासरची माणसं चांगली मिळाली. पण त्याच दुकानात, त्याच फोनवर, अंगावर वळ असलेल्या बाईलाही मी "बरी आहे" म्हणताना ऐकलं आहे. तिची आई पलीकडे समाधानानं फोन ठेवत असेल. निरोप आणणारी माणसं जिव्हाळ्याची होती हे खरं, आपण सगळे त्यांची आठवण काढून गहिवरतो. पण त्यांच्या देखत न बोलता येणाऱ्याही गोष्टी होत्या आणि त्या बहुतेक बायकांच्या होत्या.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. भारतातला हा पहिला मोबाईल कॉल. पंधरा दिवसांनी, 15 ऑगस्टला, विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेचं वाफेचं इंजिन, 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं, जेमतेम वर्षभरापूर्वी, एप्रिल 1994 मध्ये, निवृत्त झालं होतं. आपण वाफेतून डिझेलवर आलो तेव्हा तिकडे लोक तारेशिवाय बोलायला लागले होते. अर्थात ते बोलणंही कुणाला परवडत होतं? मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे.

आपल्या जिल्ह्यात मोबाईल खऱ्या अर्थानं आला तो 2002-03 नंतर. ऑक्टोबर 2002 मध्ये बी.एस.एन.एल.ची मोबाईल सेवा सुरू झाली आणि 1 मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले. हा दुसरा निर्णय मला फार मोठा वाटतो. फोन घ्यायला पैसे लागतील, पण ऐकायला लागणार नाहीत, एवढी खात्री झाल्यावर मजूर, दूधवाला, मिस्त्री यांनी फोन घेतला. करणाऱ्याचे पैसे वाचवायला लोकांनी मिस कॉलची भाषा काढली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंगा म्हणजे स्टँडवर घ्यायला ये. 2003 मध्येच नोकियाचा 1100 आला, जगभरात पंचवीस कोटींहून अधिक खपला. त्याची टॉर्च आठवते? कृषिपंपाला वीज रात्री येते, ओलिताला रात्रीच जावं लागतं, पायाखाली साप-विंचू. आमच्या गावातल्या कित्येक शेतकऱ्यांनी तो फोन टॉर्चसाठी घेतला आणि बोलायला तो वापरता येतो हे वरचं झालं. पुढं मोटारीला ऑटो स्टार्टर बसले आणि घरून फोन लावून मोटार चालू करता यायला लागली.

सीमेवरच्या गावांची वेगळीच तऱ्हा. पैनगंगेच्या अलीकडे, पाटणबोरीकडे घरात बसलेल्या माणसाच्या फोनला पलीकडचा टॉवर पकडायचा आणि 'आंध्र प्रदेशात आपलं स्वागत आहे' असा संदेश यायचा. मग रोमिंग लागायचं, आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. लोक फोन घेऊन अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, महाराष्ट्रात.

मी स्वतःचा फोन घेतला 2006 मध्ये. पहिला फोन आईला लावला, मळ्यात उभं राहून, आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं नेहमीचंच विचारलं आणि मी चाळीस मिनिटं बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, बिल आठवतं. सगळ्या बायकांच्या हाती मात्र फोन अजून आलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशभरात 54 टक्के निघाल्या. उरलेल्या अजून कुणाच्या तरी फोनवर बोलतात, आणि शेजारी कोणीतरी ऐकत असतं.

आता कापसाचं. आपल्या जिल्ह्यात त्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. पूर्वी भाव कळायचा आकाशवाणीवरून किंवा अडत्याकडून, आणि अडत्या सांगेल तो खरा. फोन आल्यावर माणूस गाडी भरायच्या आधी यवतमाळ, वणी, हिंगणघाट, आदिलाबाद अशा चार ठिकाणी विचारू लागला. ही मोठी गोष्ट होती, कमी लेखू नये. पण भाव कळणं वेगळं आणि भाव मिळेपर्यंत थांबता येणं वेगळं. ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, त्याला आदिलाबादला दोनशे रुपये जास्त आहेत हे कळून काय उपयोग? पुढचीच गोष्ट बघा. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी आमच्याकडे घराघरांत, माजघरात, पलंगाखाली कापूस भरून ठेवलेला आणि जो तो सकाळी उठून फोनवर भाव बघतोय. अंगाला खाज सुटली, पण दहा हजारांची वाट बघणं सुटलं नाही. भाव मात्र खाली उतरत गेला. सगळ्यांच्या फोनवर कालचा भाव होता, उद्याचा कुणाच्याच नव्हता.

त्याआधीचं 2017 साल मी विसरू शकत नाही. त्या पावसाळ्यात कापूस पुरुषभर वाढला होता, बोंडअळीची धास्ती होती, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले वॉर्ड भरले होते. त्या वेळी प्रत्येक खिशात फोन होता. किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू होतं, फुकट होतं. पण दोन औषधं एकत्र करू नका, वाऱ्याच्या दिशेनं उभे राहा, तोंड झाका, हे सांगायला धुऱ्यावर कुणी आलं नाही. मजुरानं सकाळी पंप पाठीवर घेतला तेव्हा त्याच्या फोनवर गाणी होती, क्रिकेटचे स्कोअर होते, हा एक निरोप नव्हता. पूर्वी गावात ग्रामसेवक फिरायचा, शेतीचा माणूस यायचा, कधी कामाचं सांगायचा, कधी नाही. पण त्याला तोंड होतं, त्याला विचारता येत होतं.

फोनवर येणाऱ्या बातमीला तोंड नसतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण यवतमाळचं नाही, धुळे जिल्ह्यातलं आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात बाजाराच्या दिवशी भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच जणांच्या पुढं पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. बाजाराला बाहेरचा माणूस येणं ही आपल्या लहानपणी बातमी मिळण्याची वेळ होती. त्यालाच लोकांनी चोर ठरवलं, कारण फोननं आधीच सांगून ठेवलं होतं.

कोरोनाबद्दल सगळ्यांनीच खूप लिहिलं आहे, मी माझ्या शाळेपुरतं सांगते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोज अभ्यास फोनवर यायचा, तो आम्ही पालकांच्या गटावर टाकायचो. तो उघडणारे पालक निम्म्याहून कमी. घरात फोन एक, तो बापासोबत वावरात, संध्याकाळी परत आला की चार्जिंग नाही किंवा रिचार्ज संपलेलं. कोलामांच्या पोडांवर तर रेंजच नव्हती. टेकडीवर चढलं की एक कांडी यायची. शेवटी आम्ही शिक्षक कागदाचे संच काढून पोडावर नेऊन द्यायला लागलो आणि पुढच्या आठवड्यात जाऊन तपासून आणायचो. दूध नेणाऱ्या पोराकडे, आशाताईंकडे संच द्यायचे, "अमक्याच्या पोरीले देजो." म्हणजे शेवटी आपल्या कंडक्टरचंच काम.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. सातबारा 2018 पासून डिजिटल सहीचा निघतो, पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्यानंच फोनवरून नोंदवायची, पानटपरीवर क्यू.आर. चिकटवलेला असतो. तलाठ्याच्या दारातल्या चकरा वाचल्या, हे वाईट कोण म्हणेल? "साहेब बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्या आवाजानं आपल्या एका निवृत्त गुरुजींच्या पेन्शनचे पैसे नेले, तेही यातलंच. सर, नाव लिहीत नाही, तुम्ही रागवाल. ज्यांनी आपल्याला आयुष्यभर माणूस पारखून घ्यायला शिकवलं, त्यांना पारखायला समोर माणूसच नव्हता.

आता आपल्या या मेळाव्याचं. गट तयार झाला, एकेक करून नंबर मिळत गेले. अमेरिकेतल्या मैत्रिणीचा नंबर दुसऱ्या दिवशी मिळाला. मारेगावकडच्या एका वर्गमित्राचा मात्र काही केल्या मिळेना. नंबर नव्हताच, कारण तो फोन वापरत नाही. शेवटच्या बाकावर बसायचा, चित्रं सुंदर काढायचा, इतकं लिहिलं तरी तुम्ही ओळखाल. मी त्या भागातल्या ओळखीच्या एका भाजीवालीला आठवडी बाजारात सांगितलं, तिनं तिच्या गावच्या शेळीवाल्याला, त्यानं पुढं कुणाला ते मला माहीत नाही. तिसऱ्या बाजारी भाजीवालीनं मेथीच्या जुडीबरोबर उत्तर दिलं: "येतो म्हने. आन् त्यानं इचारलं, ड्रॉइंगचे सर आहेत का अजून?"

सर आहेत, असा निरोप त्याच वाटेनं परत गेला आहे. स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांची यादी आहे, नाव, पत्ता, मोबाईल. त्याच्या नावापुढे मोबाईलच्या रकान्यात 'बाजार, मंगळवार' असं छापायला मी संपादकांना सांगितलं आहे.